अडीच फुटांची लाइन आणि रात्रीची गाडी

लातूरला ‘नीट’च्या क्लासला असलेल्या कुणालाही विचारा, मुंबईची गाडी किती वाजता? उत्तर येतं, ‘रात्री जेवण करून निघायचं, सकाळी मुंबई.’ पण त्या प्रवासात लातूर ते कुर्डुवाडी हा टप्पा आपण ज्या मार्गावरून झोपेत पार करतो, तिथं एकेकाळी दोन रुळांमध्ये जेमतेम अडीच फुटांचं अंतर होतं. तीच ती बार्शी लाइट रेल्वे.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं ही लाइन उभी केली. 1897 मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी गाडी सुरू झाली. तेव्हा कुर्डुवाडी स्टेशनचं नावच ‘बार्शी रोड’ होतं! कमी खर्चातली नॅरोगेजही भरपूर माल ओढू शकते, हे त्याला दाखवायचं होतं. त्यासाठी त्यानं डब्यांचं वजन प्रत्येक चाकजोडीवर सारखं वाटलं, जास्तीत जास्त पाच टन. बार्शीच्या बाजारपेठेचा माल आणि विठोबाचे वारकरी ही या गाडीची हक्काची गिऱ्हाइकं. 1906 मध्ये लाइन पंढरपूरला पोचली, 1911 मध्ये लातूरला आणि 1927 मध्ये मिरजेला. 1954 मध्ये ती सरकारच्या ताब्यात आली.

ब्रॉडगेज व्हायला मात्र एकविसावं शतक उजाडलं. लातूर-कुर्डुवाडीचं काम 2008 च्या सुमारास संपलं, पंढरपूर-मिरजेचं त्यानंतर. जुन्या लाइनीनं बाजूला ठेवलेलं उस्मानाबाद, म्हणजे आताचं धाराशिव, या निमित्तानं रेल्वेच्या नकाशावर आलं.

याचा उपयोग काय, ते 2016 च्या एप्रिलमध्ये अख्ख्या देशानं पाहिलं. दुष्काळात लातूरचे नळ कोरडे पडले आणि मिरजेहून पाण्याची रेल्वे निघाली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, साधारण पाच लाख लिटर पाणी. पुढं पन्नास वाघिणींच्या गाड्या धावल्या. वाघिणी आल्या होत्या थेट राजस्थानातल्या कोट्याहून. मधे नॅरोगेज असती तर त्या कुर्डुवाडीच्या पुढं सरकल्याच नसत्या. 28 डिसेंबर 2020 ला देशातली शंभरावी किसान रेल्वे सुटली, तीही याच मार्गावरच्या सांगोल्यातून, पार पश्चिम बंगालपर्यंत.

आता आजचं बघू. लातूर-मुंबई एक्स्प्रेस आहे, पण 2017 पासून आठवड्यातले काही दिवस ती बिदरहून सुटते. लातूरकरांनी त्यावर आंदोलनं केली. कारण साधं आहे, सीट तेवढ्याच आणि वाटेकरी वाढले. कोल्हापूर-नागपूर आठवड्यातून दोनदा, कोल्हापूर-धनबाद दीक्षाभूमी एकदाच. 2023 मध्ये दिवसा धावणारी पुणे-हरंगुळ सुरू झाली आणि सुट्टीत घरी जाणाऱ्या पुण्यातल्या पोरापोरींना जरा हायसं वाटलं. हरंगुळ म्हणजे लातूरला लागूनच. आषाढीला पंढरपूरसाठी जादा गाड्या सुटतात, त्या वेगळ्या.

रूळ रुंद झाले, वर विजेच्या ताराही आल्या, पण लाइन अजून एकेरीच आहे. समोरून गाडी आली की एकीला स्टेशनात क्रॉसिंगसाठी थांबावंच लागतं. त्यामुळं गाड्या वाढवायच्या म्हटल्या तरी जागा बेताचीच.

याची झळ सगळ्यात जास्त बसते मधल्या गावांना. बार्शीच्या मुलाला मुंबईची गाडी धरायची तर मध्यरात्रीच्या सुमाराला स्टेशनवर जाऊन बसायचं. एकट्या मुलीच्या घरचे तर त्या वेळेला ‘एसटीनंच जा’ म्हणणार. जी गाडी आठवड्यातून एकदा-दोनदाच येते, तिच्या भरवशावर कुणी कॉलेज निवडत नाही, की रोज अप-डाउन करत नाही.

शहर तहानलं तेव्हा याच लाइनीवर गाड्यांसाठी वेळ काढता आला. वारीसाठी दरवर्षी काढला जातो. मग सकाळी कॉलेजला वेळेत पोचवणारी आणि संध्याकाळी उजेडात घरी आणणारी गाडी मागणं काही जगावेगळं नाही. फक्त ती मागणी वेळापत्रक ठरवणाऱ्यांपर्यंत पोचायला हवी, आणि ती पोचवायचं काम रोज प्रवास करणाऱ्यांचं, म्हणजे आपलंच आहे.