थांबे गेले, पाय अवघडले

भातसानगरहून अमेरिकेला निघालेल्या माणसाचे विमान मध्यरात्रीनंतर सुटते, पण त्याचे बसणे संध्याकाळीच सुरू होते. भातसा धरणाच्या वसाहतीतून शहापूर, तिथून नाशिक-मुंबई महामार्गाने वाशिंद, पडघा, वडप्याची कोंडी, माजिवड्याचा पूल आणि मग सहारचा विमानतळ. अंतर 80-90 किलोमीटरचे, पण रस्त्याचा भरवसा नसल्याने तीन-साडेतीन तास हाताशी ठेवूनच घर सोडावे लागते. विमानतळावर तीन तास आधी हजर व्हायचे आणि त्यापुढे विमानात पंधरा-सोळा तास काढायचे. म्हणजे जवळजवळ अख्खा दिवस माणूस गुडघे दुमडून असतो. धरणाच्या कामावर आलेल्या कुटुंबांतली मुले शिकली, दूरदेशी गेली आणि आता इकडच्या आईवडिलांनाही हा प्रवास घडू लागला आहे. कोणी लेकीच्या बाळंतपणाला जाते, कोणी नातवंडे सांभाळायला. त्यांच्यासाठी तरी गेल्या पाऊणशे वर्षांत विमानातले बसणे कसे बदलत गेले, हे एकदा नीट पाहायला हवे.

8 जून 1948 रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून लंडनला निघाले. लॉकहीड कंपनीचे, चार पंख्यांचे कॉन्स्टेलेशन. प्रवाशांत खुद्द जे. आर. डी. टाटा होते. या विमानात आजच्या मानाने सुख कमीच होते. एंजिनांची घरघर सतत कानात असे. आजची जेट विमाने 35 हजार फुटांच्या आसपास, बहुतेक ढगांच्या वरून जातात. पंख्यांची विमाने बरीच खालून जात, त्यामुळे खराब हवेचे हेलकावेही जास्त बसत. तरी एक गोष्ट त्या प्रवाशांच्या पदरात आपसूक पडत होती. वाटेत कैरो आणि जिनिव्हा असे दोन थांबे होते. विमान खाली उतरले की माणसेही उतरत, चालत, हातपाय ताणत. थांबा ही विमानाची गरज होती, पण तिचा लाभ प्रवाशाच्या पायांना होई.

1960 साली बोइंग 707 आले. 14 मे 1960 रोजी एअर इंडियाची न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली. प्रवासाचे तास झपाट्याने कमी झाले, घरघर आणि हेलकावेही कमी झाले. पुढे अमेरिकेच्या 1965 च्या कायद्याने आपल्याकडच्या डॉक्टर-इंजिनिअरांना तिकडचे दार उघडले. शिकागोचे महाराष्ट्र मंडळ 1969 मध्ये उभे राहिले, 1981 मध्ये उत्तर अमेरिकेतल्या मंडळांचे बृहन्महाराष्ट्र मंडळ झाले. मुले तिकडे स्थिरावली, की मागोमाग आईवडिलांचे जाणे-येणे सुरू होणारच होते.

1971 मध्ये एअर इंडियाचे पहिले जम्बो, बोइंग 747 ‘एम्परर अशोक’, आले. खिडक्यांवर बाहेरून झरोके रंगवलेले, वरच्या मजल्यावर खास प्रवाशांची बैठक. सामान्य प्रवाशासाठी मात्र त्यातली मोलाची गोष्ट होती ती खुर्च्यांच्या ओळींमधल्या दोन मोकळ्या वाटा. 707 मध्ये मधोमध एकच वाट होती. जेवणाची गाडी तीत उभी राहिली की उठणेच बंद. जम्बोत माणूस एका वाटेने जाऊन दुसरीने परत येऊ शकत होता. शिवाय लंडन, फ्रँकफर्ट असे थांबे होतेच. लांबच्या एसटीतून जाणारा माणूस डेपोत गाडी लागली की खाली उतरून पाणी पितो, दोन पावले टाकतो आणि पुढच्या टप्प्याला ताजा होऊन बसतो, तसे या थांब्यांचे होते. तिथे झोपमोड व्हायची, सामान सांभाळावे लागायचे, त्रास असायचा. पण उठावे लागायचे.

पुढे जागा आवळत गेली. सुरुवातीच्या जम्बोत एका रांगेत साधारण नऊ खुर्च्या असत, त्या दहा झाल्या. नंतरच्या बोइंग 777 मध्येही अनेक कंपन्यांनी नवाच्या दहा केल्या. पुढच्या आणि मागच्या खुर्चीतले अंतर एके काळी 34 इंच सर्रास मिळे. आता 31-32 इंच हेच नेहमीचे झाले आहे. पुढच्याने पाठ मागे टाकली की मागच्याचा गुडघा तिला टेकतो. समोर पडदा आला, सिनेमे आले, गाणी आली. त्यांनी वेळ जातो, पण माणूस आणखी जागचा हलत नाही.

सगळ्यात मोठा बदल घडला तो 2007 मध्ये. त्या वर्षी 1 ऑगस्टपासून एअर इंडियाने मुंबई ते न्यूयॉर्क थेट विमान सुरू केले. बोइंग 777-200 एलआर जातीचे हे विमान मध्ये कुठेही न उतरता पंधरा-सोळा तास उडू लागले. डिसेंबर 2022 मध्ये मुंबई-सॅन फ्रान्सिस्को थेट सेवाही सुरू झाली. ही सोय खरोखर मोठी आहे. इंग्रजीची सवय नसलेल्या आईला फ्रँकफर्टच्या विमानतळावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दार शोधत फिरावे लागत नाही, विमान चुकण्याची धास्ती राहत नाही. मुले याच कारणाने थेट तिकीट काढतात आणि त्यांचे चुकत नाही. पण थांब्याबरोबर पाय मोकळे करण्याची सक्तीही गेली. जे काम आजवर विमानतळ करत होता, ते आता प्रवाशाने स्वतः करायचे आहे, आणि हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

दीर्घ बसण्याचा धोका वैद्यकाला विमानांच्या आधीपासून ठाऊक होता. 1940 मध्ये लंडनवर बॉम्ब पडत असताना माणसे रात्र-रात्र तळघरांत आरामखुर्च्यांवर बसून राहत. त्यांतले काही जण फुफ्फुसात रक्ताची गाठ अडकून दगावल्याचे कीथ सिम्प्सन या डॉक्टरांनी तेव्हाच नोंदवले. 1954 मध्ये अमेरिकेतले सर्जन जॉन होमन्स यांनी लांबच्या विमानप्रवासानंतर पायात गाठ झालेले रुग्ण दाखवून दिले. 1977 मध्ये या दुखण्याला स्वस्त वर्गाच्या खुर्चीवरून नावही पडले, पण ते नाव फसवे आहे. पुढच्या वर्गात बसलेल्यालाही गाठ होऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेने 2007 मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासात चार तासांहून अधिक प्रवासाने हा धोका साधारण दुप्पट होतो असे आढळले. आणि हे विमानाइतकेच आगगाडी, बस आणि मोटारीलाही लागू आहे. एकूण प्रमाण थोडे आहे, सुमारे 6 हजार प्रवाशांत एक. पण वय झालेले, लठ्ठ, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले, आधी कधी गाठ झालेले, यांच्यासाठी ते वाढते.

याचे कारण पोटरीत आहे. पायातले रक्त वर हृदयाकडे चढवायला पोटरीचे स्नायू मदत करतात. चालताना ते आवळतात, सैलावतात आणि शिरांमधले रक्त वर ढकलतात. शिरांतल्या झडपा ते मागे येऊ देत नाहीत. माणूस तासन्‌तास बसला की हे ढकलणे थांबते, रक्त खाली साचते, घोट्याभोवती सूज येते, चपला घट्ट होतात. खुर्चीत बसल्या-बसल्या टाचा टेकवून चवडे उचलायचे, मग चवडे टेकवून टाचा उचलायच्या, एवढ्यानेही पोटरी कामाला लागते. तास-दीड तासाने उठून वाटेतून एक फेरी मारली तर उत्तमच. ज्यांना डॉक्टरांनी सांगितले आहे त्यांनी घट्ट मोजे घालावेत. झोपेची गोळी मात्र टाळावी. गोळीने आलेल्या झोपेत माणूस कूसही बदलत नाही.

विमानातल्या हवेचाही विचार हवा. आतला दाब जमिनीवरच्या इतका ठेवत नाहीत. तो साधारण 1,800 ते 2,400 मीटर उंचीवर असावा तितका असतो. शहापूरच्या पलीकडे उभे असलेले कळसूबाई, महाराष्ट्राचे सर्वांत उंच शिखर, 1,646 मीटरचे आहे. म्हणजे विमानातला प्रवासी रात्रभर कळसूबाईच्याही वर बसलेला असतो. 2011 पासून सेवेत आलेल्या बोइंग 787 मध्ये हा दाब 1,800 मीटरच्या बेताने राखता येतो, हवाही थोडी दमट ठेवता येते. तरी बहुतेक विमानांत हवेतला ओलावा 20 टक्क्यांच्या खालीच असतो. म्हणून ओठ फुटतात, डोळे चुरचुरतात, नाक कोरडे पडते. दाब कमी झाल्याने पोटातला वायू फुगतो. निघण्याच्या दिवशी चणे, वाटाणे, राजमा आणि सोड्याची पेये टाळावीत. उतरताना कानात दडे बसतात तेव्हा आवळासुपारी किंवा गोळी चघळत राहावे; गिळण्याने कान मोकळे होतात.

पण आपल्या आईवडिलांची खरी अडचण वेगळीच असते. आई मधल्या खुर्चीत बसते. उठायचे तर शेजारच्या अनोळखी माणसाला उठवावे लागेल, म्हणून ती उठत नाही. उठावे लागू नये म्हणून पाणी पीत नाही. शौचालयाचे दार मधोमध दुमडते, ते ढकलायचे की ओढायचे कळत नाही. आत गेल्यावर कडी सरकवली की मगच दिवा पूर्ण उजळतो, हेही ठाऊक नसते. अर्धवट अंधारात घाबरून ती परत येते आणि पुन्हा जायचे टाळते. चार गोष्टी घरीच दाखवल्या तर हे सगळे सुटते. वाटेकडची खुर्ची आधी निवडून ठेवावी. शेजारच्याला हाताने खूण केली तरी पुरते, हे आईला सांगावे. दाराच्या कडीचे चित्र फोनवर दाखवावे. रिकामी बाटली सोबत द्यावी. ऑगस्ट 2006 मध्ये लंडनला द्रव स्फोटकांचा कट उघडकीस आल्यापासून जगभर पाण्यावर निर्बंध आले, पण तपासणी झाल्यावर आतल्या नळावर बाटली भरून घेता येते.

जेवण अळणी लागते ही तक्रार खोटी नाही. कमी दाबात आणि कोरड्या हवेत जिभेला मीठ आणि साखर कमी जाणवते, हे जर्मनीत 2010 च्या सुमारास झालेल्या चाचण्यांत दिसले. म्हणून सोबत दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, कोरडी लसणीची चटणी न्यावी. शाकाहारी किंवा जैन जेवण हवे असेल तर तिकिटावर आधीच नोंदवावे. ऐन वेळी मागून मिळत नाही.

चाकाच्या खुर्चीची सोयही अशीच दोन्ही बाजूंनी पाहावी. भाषा येत नसलेल्या आईवडिलांसाठी मुले ती हटकून मागतात, कारण ढकलणारा माणूस त्यांना थेट दारापर्यंत नेतो. ज्यांना चालवत नाही त्यांचा तो हक्कच आहे. पण धडधाकट वडील त्यामुळे विमानात बसण्याआधीचे दोन तासही बसूनच काढतात. तपासणी होईपर्यंत खुर्ची, त्यानंतर दारापाशी थोडे फिरणे, असे जमवता येते.

आता विमान कंपन्यांनाही हे उमगू लागले आहे. ऑक्टोबर 2019 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या क्वांटासने न्यूयॉर्क ते सिडनी असे 19 तासांहून लांब चाचणी उड्डाण केले. सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यात प्रवाशांचे जेवण, उजेड आणि झोप यांच्या वेळा बदलून पाहिल्या, त्यांच्याकडून वाटेत व्यायाम करून घेतला. सिडनीहून थेट लंडनला जाण्यासाठी बांधून घेतलेल्या क्वांटासच्या नव्या विमानांत उभे राहून अंग ताणण्यासाठी वेगळी जागा राखली आहे. म्हणजे एके काळी जिनिव्हाला उतरून जे मिळे, ते आता विमानाच्या पोटात पुन्हा बांधावे लागत आहे. दुसरीकडे एप्रिल 2025 पासून पाकिस्तानची हवाई हद्द भारतीय विमानांना बंद झाली आणि उत्तर अमेरिकेच्या काही उड्डाणांना इंधनासाठी व्हिएन्नासारख्या ठिकाणी उतरावे लागले. थांबा परत आला, पण असा थांबा इंधनापुरताच असतो. प्रवासी सहसा खुर्चीतच राहतो.

म्हणून भातसानगर असो की मुरबाड, तिकीट काढणाऱ्या मुलांना एवढेच सांगायचे आहे. थेट विमान घ्या, पण आईवडिलांना उठायला शिकवून पाठवा. दोघे एकत्र जात असतील, चालते-फिरते असतील आणि फारशी घाई नसेल, तर मध्ये तीन-चार तासांचा थांबा असलेले तिकीटही वाईट नाही. घरून सहारला जाताना पडघ्याच्या आसपास गाडी दहा मिनिटे थांबवा, त्यांना खाली उतरवा. गुडघ्याचे, रक्तदाबाचे, साखरेचे औषध हातातल्या पिशवीत द्या आणि आठवडाभर आधी डॉक्टरांना दाखवून आणा. विमाने यापुढे आणखी लांब उडणार आहेत. तेवढा वेळ शरीर हलते ठेवण्याची जबाबदारी आता आपली आहे, आणि ती प्रवासाच्या तयारीत पासपोर्टइतकीच धरायला हवी.