जाळ्याचा दोष, माणसाच्या माथी

‘गोल गोल फिरतंय’, ‘रेंज गेली’, ‘सर्व्हर डाऊन आहे’ ही वाक्ये आता मराठीत चांगलीच रुळली आहेत. तिन्ही वाक्यांत दोष यंत्राचा आहे, पण ऐकणारा रागावतो तो समोरच्या माणसावर. बँकेतला ग्राहक खिडकीपलीकडच्या कारकुनावर चिडतो, साहेब हाताखालच्या माणसावर, शहरातला सहकारी गावाकडून काम करणाऱ्या सहकाऱ्यावर. कचेरीतले वायफाय मंद असले की किती तास वाया जातात, याचा हिशेब बरेच जण मांडतात. हा राग कुठे जाऊन साठतो, याचा हिशेब सहसा मांडला जात नाही. या लेखात दोन्ही पाहू.

आधी वेळेचा हिशेब. यंत्राने उत्तर द्यायला किती वेळ लावलेला माणसाला चालतो, हा प्रश्न वायफायपेक्षा जुना आहे. आयबीएममधील रॉबर्ट मिलर यांनी १९६८ मध्ये त्यावर निबंध लिहिला. पुढे १९९३ मध्ये जेकब नील्सन यांनी तीन सोप्या मर्यादा सांगितल्या. दशांश सेकंदात उत्तर आले तर ते तत्काळ वाटते. एका सेकंदापर्यंत विचारांचा ओघ टिकतो. दहा सेकंदांपलीकडे लक्ष दुसरीकडे जाते.

१९८२ मध्ये आयबीएमच्याच वॉल्टर डोहर्टी आणि थडानी यांनी आकडे मांडले. यंत्र तीन सेकंदांत उत्तर देत होते, तेव्हा माणूस तासाला १८० व्यवहार करी. तेच उत्तर ०.३ सेकंदात येऊ लागल्यावर व्यवहार ३७१ झाले. आता गुणाकार-भागाकार करून पाहा. पूर्वी एका व्यवहाराला २० सेकंद लागत, नंतर ९.७. म्हणजे वाचले दहा सेकंद, आणि यंत्राने त्यातले वाचवले जेमतेम २.७. उरलेले साडेसात सेकंद माणसाचे स्वतःचे होते. यंत्र अडखळले की डोक्यातला धागा सुटतो आणि पुढची पायरी पुन्हा आठवावी लागते. थांबण्याचा भुर्दंड थांबण्याच्या वेळेपेक्षा मोठा असतो, तो असा.

मग कामे खोळंबून पडतात का? नेहमी नाही, आणि म्हणूनच नुकसान दिसत नाही. ग्लोरिया मार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये कामात व्यत्यय आणून प्रयोग केला. तो व्यत्यय फोनचा आणि निरोपांचा होता, नेटवर्कचा नव्हता. तरी निष्कर्ष इथेही विचार करायला लावतो. व्यत्यय आलेल्या माणसांनी काम उलट लवकर उरकले, पण ताण, चिडचिड आणि घाई वाढली. काम वेळेत झाले म्हणून सारे ठीक आहे, असे वरिष्ठांना वाटते. त्याची किंमत कर्मचाऱ्याने आपल्या खिशातून भरलेली असते.

वायफाय मुळात अडते का, हेही समजून घ्यायला हवे. तारेतून येणारी जोडणी एकट्याची असू शकते, हवा मात्र सर्वांची. एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचे, आधी कानोसा घ्यायचा आणि दोघे एकदम बोलले तर मागे सरून पुन्हा प्रयत्न करायचा, असा हा शिरस्ता. त्याचे मूळ नॉर्मन अब्रॅम्सन यांनी हवाई बेटांवर उभारलेल्या, १९७१ मध्ये सुरू झालेल्या ‘अलोहा’ जाळ्यात सापडते. तिथे कानोसा न घेताच बोलत, त्यामुळे वाहिनीच्या क्षमतेचा जास्तीत जास्त १८ टक्के भागच कामी येई. १९९७ च्या पहिल्या वायफाय मानकात आधी ऐकण्याचा नियम आला, पण हवा सामाईकच राहिली.

सामाईक गोष्टीपुढे रांग लागते. रांगेचे गणित डेन्मार्कचे एर्लांग यांनी १९०९ मध्ये टेलिफोनसाठी मांडायला सुरुवात केली. त्यातले साधे सूत्र घेतले, तर वाहिनी निम्मी भरल्यावर लागणारा वेळ दुप्पट होतो, ९० टक्के भरल्यावर दहापट आणि ९५ टक्क्यांवर वीसपट. शेवटच्या पाच टक्क्यांनी खोळंबा दुप्पट होतो. सकाळी सुरळीत चाललेले वायफाय अकराच्या बैठकीला अचानक का कोलमडते, याचे एक उत्तर इथे आहे. शिवाय दूर कोपऱ्यातले एखादे यंत्र क्षीण संकेतामुळे सावकाश बोलू लागले, तर तेवढा वेळ बाकीचे ताटकळतात. २००३ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी त्या काळच्या वायफायवर हे दाखवून दिले.

आता रागाचा हिशेब. दहा भाषांमधील संभाषणांचा २००९ मधला अभ्यास सांगतो, की प्रश्न आणि उत्तर यांत सरासरी एक-पंचमांश सेकंदाचे अंतर असते. त्याहून उशीर झाला की मन अर्थ लावू लागते. ‘येशील का?’ या प्रश्नानंतरची शांतता म्हणजे बहुधा नकार, हे लहान मुलालाही कळते. म्हणूनच आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत आवाज एका टोकाहून दुसऱ्या टोकाला १५० मिलिसेकंदांच्या आत पोहोचावा, असे म्हटले आहे. २०१४ मध्ये शोनेनबर्ग आणि त्यांच्या जर्मन सहकाऱ्यांनी दूरध्वनी-संभाषणात मुद्दाम १.२ सेकंदांपर्यंत विलंब घातला. बोलणाऱ्यांनी दोष जोडणीला दिला नाही. समोरचा माणूस कमी लक्ष देणारा, कमी मनमिळाऊ वाटला, असे त्यांनी नोंदवले.

गावाकडून काम करणाऱ्या मुलीचा आवाज बैठकीत सेकंदभर उशिरा पोहोचतो, तेव्हा तिच्याविषयी मत तयार होत असते आणि तिला त्याचा पत्ताही नसतो. जिच्या घरी चांगली जोडणी आहे, ती हुशार आणि तत्पर ठरते. म्हणजे वायफायचा दर्जा नकळत गुणवत्तेच्या मोजमापात शिरतो. हा अन्याय कोणी ठरवून करत नाही, म्हणून त्याविरुद्ध दादही मागता येत नाही.

उपाय फार खर्चिक नाहीत. जागेवरून न हलणाऱ्या संगणकांना सरळ तार द्यावी, म्हणजे हवेतली रांग कमी होईल. राउटर लोखंडी कपाटामागून काढून मोकळ्यावर ठेवावा. जवळच्या यंत्रांसाठी ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरावा, कारण २.४ च्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल्स तीनच आहेत आणि मायक्रोवेव्ह ओव्हनचीही तिथेच लुडबुड असते. केवळ ‘स्पीड टेस्ट’च्या आकड्यावर विसंबू नये. तो पाण्याच्या नळाची तोटी किती मोठी ते सांगतो, पाणी यायला किती वेळ लागतो ते नाही.

आणि एक वही ठेवावी. जोडणी कधी अडली, किती वेळ, कोणाची, एवढेच त्यात लिहावे. वर्षअखेरीस कोणाच्या नावापुढे ‘प्रतिसाद मंद’ असा शेरा मारण्याआधी ती वही उघडून पाहावी.