केसाएवढा गंज, खोळंबलेली लावणी

जुलैचा पहिला आठवडा. खाचरात पाणी उभे, रोपे लावणीला आलेली, बायामाणसे सांगून ठेवलेली. आणि पॉवर टिलर बंद! शाफ्टवरचे बेअरिंग सैल होऊन खडखडत होते. शेतकऱ्याने शाफ्ट तालुक्याच्या वर्कशॉपमध्ये नेला. टर्नरने झिजलेल्या जागी वेल्डिंगचा भर घातला, लेथवर माप उतरवले, नवे बेअरिंग बसवले. दोन दिवस टिलर चालला. तिसऱ्या दिवशी पुन्हा खडखड.

शेतकरी म्हणाला, "साहेब, बेअरिंगच डुप्लिकेट दिलंय." टर्नर म्हणाला, "टिलर नको तिथं रेटला असणार." भांडण माझ्यापुढे आले तेव्हा मलाही बेअरिंगचाच संशय होता. तरी दोघांना घेऊन वर्कशॉपात गेलो. बेअरिंग ६२०४ नंबरचे, म्हणजे आतले भोक २० मि.मी. शाफ्ट त्याहून किंचित भरीव हवा, तरच बेअरिंग घट्ट बसते. टर्नरच्या मायक्रोमीटरवर माप बरोबर येत होते. शेजारच्या मोटार रिवाइंडिंगवाल्याचा मायक्रोमीटर आणून लावला, तर १९.९७!

मग टर्नरचा मायक्रोमीटर रिकामाच मिटवून पाहिला. शून्याची रेघ जुळेना. चार घरांचा, म्हणजे ०.०४ मि.मी.चा फरक. उघडून पाहिले तर मोजणाऱ्या दोन्ही तोंडांवर तपकिरी गंज. गंजाची जाडी मापात मिसळत होती. शाफ्ट भरीव आहे असे समजून टर्नर तो कापत गेला आणि शाफ्ट बारीक झाला.

"मे महिन्यात पेटीत ठेवला होता साहेब. पेटी तर बंदच होती," टर्नर हळूच म्हणाला. त्याने मजुरी न घेता शाफ्ट पुन्हा भरून दिला. पण लावणीचे गेलेले चार दिवस कोण भरून देणार?

गंज चढतो कसा?

लोखंडाला गंज चढायला पावसात भिजावे लागत नाही. हवेतला दमटपणा पुरतो. हवेची आर्द्रता साधारण ६० टक्क्यांवर गेली की गंजाचा वेग वाढतो. कोकणात पावसाळ्यात ती आठवडेच्या आठवडे ८० टक्क्यांच्या वर असते. त्यात समुद्राकडची खारी हवा.

गार पाण्याच्या स्टीलच्या पेल्याला बाहेरून पाणी सुटते, तसेच रात्रभर गार झालेल्या हत्याराला सकाळी दार उघडल्यावर दमट हवा लागून घाम सुटतो. तो डोळ्यांना दिसतही नाही. शिवाय आपल्या हाताच्या घामात मीठ असते. ज्या जागी बोट लागले, तिथे काही दिवसांत बोटाचा ठसा गंजून उठतो.

पहारीला किंवा नांगराच्या फाळाला थोडा गंज चढला तर काम अडत नाही. पण मायक्रोमीटर, व्हर्नियर, डायल गेज, रीमर, टॅप यांचे सगळे काम मि.मी.च्या शंभराव्या भागात चालते. माणसाचा केस साधारण ०.०५ ते ०.१० मि.मी. जाडीचा असतो. म्हणजे केसाएवढाही गंज इथे परवडत नाही.

शेजार वाईट नको

त्या वर्कशॉपात हत्यारांच्या फळीखालीच मालकाच्या घरच्या खताच्या गोणी रचलेल्या होत्या. युरिया हवेतले पाणी ओढून घेतो. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराईड, मिठाचाच भाऊबंद. त्याची धूळ लोखंडावर बसली आणि तिला ओल मिळाली की गंज झपाट्याने वाढतो. बॅटरी चार्जिंगला लावतो तिथे आम्लाची वाफ असते, तिचाही परिणाम तोच.

ग्रामपंचायतीच्या पदाधिकाऱ्यांनी व कर्मचाऱ्यांनी इथे विशेष लक्ष द्यावे. पाणीपुरवठ्याच्या पंपघरात टीसीएल पावडरची गोणी आणि पंपाचे पाने, सुटे बेअरिंग एकाच कोपऱ्यात असतात. टीसीएलमधून सुटणारा क्लोरीन लोखंडाचा वैरी आहे. या दोन वस्तू एका खोलीत ठेवूच नयेत. अवजारे बँक चालवणाऱ्या गटांनीही खते आणि हत्यारे वेगळी ठेवावीत.

काय करावे?

१) काम संपले की हत्यार स्वच्छ, कोरड्या सुती फडक्याने पुसावे. चिकट मळ असेल तर फडक्याला थोडे रॉकेल किंवा टर्पेंटाईन लावून पुसावे, मग कोरडे करावे. हे करताना जवळ आग नको.

२) त्यावर शिलाई मशीनच्या पातळ तेलाचा हलका हात फिरवावा. तेल ओघळेल इतके नको. मोजताना तोंडे पुसून घ्यावीत, काम झाल्यावर पुन्हा तेल लावावे.

३) मायक्रोमीटर पूर्ण मिटवून ठेवू नये. दोन्ही तोंडांत थोडी फट ठेवावी. मिटलेल्या तोंडांत ओल अडकते आणि गंज तिथूनच सुरू होतो.

४) पेटीच्या आतला स्पंज किंवा कापड ओल धरून ठेवते. पावसाळ्याआधी पेटी उघडी करून उन्हात वाळवावी. हत्यारे गोणपाटात किंवा पुठ्ठ्यात गुंडाळू नयेत. हत्यारांच्या दुकानात गंजरोधक व्हीसीआय कागद मिळतो, तो वापरावा.

५) घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. रंग बदलणारे जेल घेतले तर ते ओले कधी झाले ते कळते. ओले जेल तसेच ठेवून उपयोग नाही, वाळवावे किंवा बदलावे.

६) लाकडी किंवा लोखंडी कपाट असेल तर आत तळाशी ४० वॅटचा तारेचा बल्ब लावावा, वर-खाली हवेला भोके ठेवावीत. आतली हवा थोडी उबदार राहिली तरी हत्याराला घाम सुटत नाही. एलईडी बल्बची ऊब पुरत नाही. बल्बजवळ तेलकट फडकी मात्र ठेवू नयेत.

काय करू नये?

घरातले खाण्याचे तेल लावू नये. ते काही दिवसांत चिकट होते आणि हत्यार जाम होते. इंजिनमधून काढलेले जळके ऑइलही नको, त्यात आम्ल आणि काजळी असते. पाणी उडवून लावणाऱ्या स्प्रेचा थर पातळ असतो, चार महिन्यांच्या पावसाळ्याला तो पुरा पडत नाही.

गंज दिसलाच तर तेल लावून काही तास ठेवावे आणि सुती फडक्याने चोळावे. मोजणाऱ्या तोंडांना पॉलिश पेपर लावू नये. तांब्याचे भांडे चिंचेने घासतो तशी चिंच किंवा लिंबूही नको. गंज जाईल, पण त्याबरोबर मापही जाईल. तोंडावर खड्डे पडले असतील तर हत्यार जाणकाराकडून तपासून घ्यावे. ते दुरुस्त होणार नसेल तर मापाच्या कामातून काढून टाकावे.

शेवटी आपल्याच हातातली गोष्ट

शेतकरी बंधू-भगिनींनो, वर्कशॉप आपले नसले तरी शाफ्ट आपला आहे आणि हंगामही आपलाच. काम देताना टर्नरला एवढेच म्हणा, "दादा, आधी मायक्रोमीटर पुसून शून्य दाखवा." यात त्याचा अपमान नाही. दुकानात माल घेताना तराजूचा काटा आपण बघतोच की.

आमच्या त्या टर्नरने आता लेथच्या वरच खडूने लिहून ठेवले आहे : 'आधी पुसा, मग शून्य, मग जॉब.' खताच्या गोणी दुसऱ्या पडवीत गेल्या आहेत. आणि तो शेतकरी? त्याचे काम आजही त्याच वर्कशॉपात जाते.