तानसा खोऱ्याची वाट आणि सायकलची चाके

वसई, प्रतिनिधी

रविवारी पहाटे विरार पूर्वेच्या चंदनसार रस्त्यावर सायकलस्वारांचे छोटे-मोठे गट महामार्गाच्या दिशेने निघालेले दिसतात. डोक्यावर हेल्मेट, सायकलच्या मागे लुकलुकणारा लाल दिवा आणि आडव्या नळीवर अडकवलेली पाण्याची बाटली. यातील बहुतेकांना गाठायची असते वज्रेश्वरी. सायकलिंगचा हा छंद आता वसई-विरारमध्ये चांगलाच रुजला आहे. मात्र नवखा सायकलस्वार मार्ग ठरवताना प्रथम अंतर पाहतो आणि तेथेच त्याची गफलत होते. ‘आज तीस किलोमीटर जमले, पुढच्या रविवारी साठ’ हा हिशेब वहीत ठीक असतो. रस्त्यावर मात्र मार्ग सोपा की अवघड, सुरक्षित की धोक्याचा, हे ठरते ते वाहतूक, वारा आणि चढ या तीन गोष्टींवर.

किनाऱ्याची सपाट वाट

वसई तालुक्याचे भूगोलाने दोन भाग पाडले आहेत. रेल्वेमार्गाच्या पश्चिमेला समुद्रापर्यंत पसरलेला सपाट हरित पट्टा, तर पूर्वेला महामार्गापलीकडे तुंगारेश्वरची डोंगररांग आणि तानसा नदीचे खोरे. सुरुवात करणाऱ्याने पश्चिमेचा पट्टा निवडावा. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांकडून जिंकलेल्या वसई किल्ल्यापासून निघून गिरीज, भुईगाव, निर्मळ, आगाशी या गावांतून अर्नाळ्यापर्यंत जाता येते. आडवाटा धरून हे अंतर २० किलोमीटरच्या आसपास भरते.

हा मार्ग जवळपास पूर्ण सपाट आहे. केळीच्या व नारळाच्या वाड्या, विहिरी, चर्च आणि देवळे यांमधून रस्ता वळणे घेत जातो. अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा एक तुकडा १९५६ मध्ये याच वाटेवरील भुईगावात सापडला होता. थोडी वाट वाकडी केली, तर नालासोपारा पश्चिमेला पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये उजेडात आणलेला बौद्ध स्तूपही पाहता येतो. या मार्गाची अडचण निराळीच आहे. रस्ते अरुंद, वळणे आंधळी आणि दोन्ही बाजूंना कुंपणे. समोरून येणारा टेम्पो अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. त्यामुळे येथे वेगाची हौस भागवू नये. घंटी वाजवत, वळणावर डावी कड न सोडता जावे.

तानसेच्या खोऱ्यात

खरी लांब पल्ल्याची वाट आहे ती पूर्वेकडची. विरारहून महामार्गावरील शिरसाड फाटा, तेथून पारोळ, उसगाव आणि वज्रेश्वरी असा हा रस्ता. विरार स्थानकापासून वज्रेश्वरी सुमारे ३० किलोमीटर आहे. शिरसाड सोडल्यावर जाताना उजव्या हाताला तुंगारेश्वरची रांग सोबत करते. वसई-विरारला पाणी पुरवणारे उसगाव धरणही याच भागात आहे. शेते, वीटभट्ट्या आणि आदिवासी पाडे मागे टाकत रस्ता हलके चढ-उतार घेत पूर्वेकडे सरकतो.

वसईच्या मोहिमेत चिमाजी आप्पांनी वज्रेश्वरी देवीला नवस केला होता आणि विजयानंतर देवीचे मंदिर उभारले गेले, असे परंपरा सांगते. किल्ल्यासारखा तट असलेले हे मंदिर, जवळच्या अकलोलीतील गरम पाण्याची कुंडे आणि पुढे दोन किलोमीटरवर गणेशपुरीत नित्यानंद महाराजांची समाधी, असा हा शेवटचा टप्पा आहे. विरारहून गणेशपुरी करून परतले की साधारण ६५ किलोमीटर होतात.

चढाचे गणित

येथील चढ किती कठीण, हे समजण्यासाठी सायकलपटूंची मोजण्याची रीत जाणून घ्यावी. शंभर मीटर रस्ता कापताना सायकल जितके मीटर उंच जाते, तितके टक्के चढ. फ्रान्समधील आल्प्स पर्वतात ‘टूर द फ्रान्स’ शर्यतीसाठी प्रसिद्ध असलेला आल्प द्युएझचा घाट १३.८ किलोमीटर लांब, २१ वळणांचा आणि सरासरी आठ टक्क्यांचा आहे. तानसा खोऱ्यात असा सलग घाट नाही. येथे छोटे चढ येतात आणि लगेच उतारही मिळतो. चढ सुरू होण्यापूर्वीच हलका गिअर टाकून पाय एका लयीत फिरवत राहिले, तर नवखाही न थांबता पार होतो. जड गिअरमध्ये ताकद लावणाऱ्याचे गुडघे मात्र परतीच्या वाटेवर तक्रार करू लागतात.

तुंगारेश्वरच्या डोंगरावरच सायकल का नेऊ नये, असा प्रश्न अनेकजण विचारतात. सातिवली फाट्यावरून आत जाणारा हा मार्ग खडकाळ असून ओढ्यांतून जातो. बारीक टायरच्या रोड सायकलला तो मानवत नाही. शिवाय सुमारे ८५ चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र २००३ पासून अभयारण्य आहे. तेथे वन विभागाचे नियम पाळावेच लागतात.

वाऱ्याचे वेळापत्रक

चढापेक्षा वारा अधिक दमवतो. वेग दुप्पट झाला की हवेचा अडथळा चौपट होतो. सपाट रस्त्यावर ताशी वीस किलोमीटरच्या पुढे सायकलस्वाराची बहुतेक शक्ती हवा कापण्यातच खर्च होते. वसईच्या पट्ट्यात दुपारी समुद्राकडून वारे वाहू लागतात. म्हणजे वज्रेश्वरीहून उशिरा निघालेल्यास दमलेल्या पायांनी पश्चिमेकडे, तोंडावर वारा घेत यावे लागते. त्यातच खोऱ्याचा आतला भाग उन्हाळ्यात किनाऱ्यापेक्षा अधिक तापतो. म्हणूनच उजाडताच निघून साडेनऊ-दहाच्या आत परतावे, असे अनुभवी सायकलस्वार सांगतात. मार्च ते मे या महिन्यांत तर हे पथ्य कटाक्षाने पाळावे. पावसाळ्यात तानसा दुथडी वाहू लागली की तिच्यावरील कमी उंचीचे पूल पाण्याखाली जातात. पाणी वाहत असलेल्या पुलावर सायकल घालू नये.

महामार्ग ओलांडताना

या मार्गावरील सर्वांत धोकादायक भाग लांबीने सर्वांत छोटा आहे. तो म्हणजे मुंबई-अहमदाबाद महामार्गावर येणे, काही अंतर जाणे आणि तो ओलांडणे. अवजड वाहने, दगडखाणींचे डंपर आणि उलट दिशेने येणाऱ्या दुचाक्या यांची येथे गाठ पडते. ट्रकचालकाला त्याच्या डाव्या बाजूला अगदी खेटून चाललेली सायकल दिसत नाही. थांबलेल्या ट्रकच्या डावीकडून पुढे घुसण्याचा मोह म्हणूनच जिवावर बेतू शकतो. जेथे सेवा रस्ता आहे तेथे तोच धरावा आणि महामार्ग ओलांडताना खाली उतरून सायकल हाताने न्यावी. त्यात कमीपणा नाही. पुढे पांढरा व मागे लाल दिवा, अंगात उजळ रंगाचा सदरा, सोबत जादा ट्यूब, पंप आणि पान्हे हे सामान घरातून निघण्यापूर्वीच तपासावे.

वज्रेश्वरीहून त्याच वाटेने न परतता अंबाडी, भिवंडी, अंजूर फाटा, चिंचोटी असा तुंगारेश्वरला वळसा घालण्याची कल्पना नकाशावर मोहक दिसते. परंतु भिवंडी परिसर गोदामांचा आहे आणि तेथील रस्त्यांवर मालट्रकची वर्दळ मोठी असते. सराव आणि सोबत नसेल, तर आल्या वाटेने परतणेच शहाणपणाचे.

लांब पल्ल्याची ओढ असणाऱ्यांसाठी पुढची पायरी ‘ब्रेव्हे’ची. या उपक्रमात २०० किलोमीटर अंतर साडेतेरा तासांत पूर्ण करायचे असते. ती शर्यत नसते, वेळेत पोहोचणे इतकीच अट. नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ जोडीने पूर्ण केली, तेव्हा महाराष्ट्रातील अनेकांचे लक्ष या खेळाकडे वळले. वज्रेश्वरीची ये-जा निर्धास्त जमू लागली की अशा उपक्रमांचा विचार करता येतो.

रविवारच्या सायकलस्वाराला वेळ आणि वाट निवडण्याची मुभा आहे. वालीव, सातिवली, गोखिवऱ्याच्या कारखान्यांत सायकलने कामाला जाणाऱ्या कामगाराला ती नाही. त्याला पाळीच्या वेळेला, भर वाहतुकीत, त्याच रस्त्याने जावे लागते आणि अनेकदा त्याच्या सायकलला मागचा दिवाही नसतो. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा आणि ग्रामपंचायती मिळून महापालिका झालेल्या या शहरात सायकलसाठी राखीव कडेची आणि महामार्ग सुरक्षितपणे ओलांडण्याच्या सोयीची मागणी छंद म्हणून सायकल चालवणाऱ्यांनी केली, तर तिचा पहिला लाभ या कामगारांना होईल. कारण रविवारी सकाळी दहाला घरी परतलेला सायकलस्वार सोमवारी रेल्वेने कामाला जातो, कामगार मात्र त्याच फाट्यावर पुन्हा सायकल घेऊन उभा असतो.