लोणावळ्याची चिक्की आणि घरची चिक्की

मुंबईहून पुण्यास किंवा पुण्याहून मुंबईस जाणारी गाडी लोणावळ्यास थांबली, कीं डब्यांत एक ठराविक हालचाल सुरू होते. कोणी खिडकींतून हात बाहेर काढतो, कोणी सुटे पैसे शोधूं लागतो, आणि गाडी हलेपर्यंत दोनचार चपटे पुडे फळीवरील सामानांत जाऊन पडलेले असतात. हे पुडे चिक्कीचे, हें सांगावयास नको. घरीं पोहोंचल्यावर पहिल्या दिवशीं ती चिक्की दातांखालीं टक्‌कन्‌ तुटते. दिवस आषाढ-श्रावणाचे असले, तर तिसऱ्या दिवशीं तिचे तुकडे एकमेकांस बिलगून बसतात. आणि आठव्या दिवशीं डब्याच्या तळाशीं जें कांहीं उरतें, तें सुरीनें खरवडून काढावें लागतें. मग घरांतील मंडळी दुकानदारास दोष देऊन मोकळी होतात. हा दोष कितपत न्याय्य आहे, आणि चिक्की घरीं केली तर तो टाळतां येईल काय, हा प्रश्न खाण्याची खरी आवड असलेल्या प्रत्येक घरांत केव्हां ना केव्हां निघतोच.

वस्तुतः लोणावळें हें चिक्कीचें गांव व्हावें, हीच गोष्ट मुळांत चमत्कारिक आहे. चिक्कीचा मोठा वैरी म्हणजे ओलावा. लोणावळें तर सह्याद्रीच्या ऐन माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचीवर वसलेलें असून, तेथें वर्षाकाठीं ४,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. पुणें तेथून अवघें ६५ किलोमीटर दूर. पण तेथील पाऊस याच्या पांचव्या हिश्श्याहूनही कमी. चिक्कीसाठीं कोणी हवा पाहून जागा निवडली असती, तर ती पुण्याच्या पूर्वेस निवडली असती. बरें, माल तरी जवळचा म्हणावा, तर तेंही नाहीं. मावळ हा भाताचा मुलूख. तेथील आंबेमोहोर पिढ्यान्‌पिढ्या नांवाजलेला, आणि १९८७ सालीं वडगांव मावळच्या कृषी संशोधन केंद्रांतून बाहेर पडलेला इंद्रायणी तांदूळ आज महाराष्ट्रांत घरोघर शिजतो. भुईमूग मात्र कोरड्या मुलखाचें पीक आणि गूळ कोल्हापूरकडचा. म्हणजे लोणावळ्याच्या नांवावर विकल्या जाणाऱ्या या जिनसांत लोणावळ्याचें असें कांहींच नाहीं!

जें आहे तें लोहमार्गाचें आहे. बोरीबंदर ते ठाणें ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं धांवली. खंडाळ्यापासून पुण्यापर्यंतचा मार्ग १८५८ सालीं खुला झाला, आणि खालच्या बाजूस खोपोलीपर्यंत गाडी येऊन ठेपली होती. परंतु मधला बोरघाट प्रवाशांना डोलींतून, तट्टांवरून किंवा पायीं ओलांडावा लागे. या घाटांतील लोहमार्गाचें काम १८५६ सालीं सुरू झालें आणि १८६३ सालीं तडीस गेलें. चोवीसपंचवीस किलोमीटरांच्या चढावांत पंचवीस बोगदे खोदावे लागले. कामाच्या ऐन भरांत, १८६१ सालीं, सुमारे ४२,००० मजूर तेथें राबत होते. दुसरा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हा १८५९ सालीं हिंदुस्थानांत आल्यावर थोड्याच दिवसांत वारला, आणि त्याची पत्नी अॅलिस हिनें तें कंत्राट पुढें चालवून पुरें केलें. ही हकीकत चिक्कीशीं संबंध नसतांही सांगण्यासारखी आहे.

लोणावळ्यांत परंपरेनें सांगतात तें असें, कीं लोहमार्गावर राबणाऱ्या मजुरांस एका मिठाईवाल्यानें गूळ, शेंगदाणे व तूप यांची गुडदाणी विकावयास आरंभ केला, आणि पुढें तीच 'चिक्की' होऊन गाडींतील उतारूंच्या हातीं गेली. या कथेचा तपशील दुकानागणिक बदलतो, आणि ज्या गांवांत एकाच 'मगनलाल' या नांवाच्या पाट्या मागेंपुढें निरनिराळीं विशेषणें लावून ओळीनें झळकतात, तेथें तो बदलला नसता तरच नवल! परंतु कथेचा गाभा पटण्याजोगा आहे. भुईमुगाच्या दाण्यांत जवळजवळ अर्धा भाग तेल आणि सुमारे चौथा हिस्सा प्रथिन असतें. गूळ तात्काळ शक्ति देतो. आणि या दोहोंची वडी शिजवावी लागत नाहीं, सांडत नाहीं, खिशांत मावते. जें घण मारणाऱ्यास सोयीचें, तेंच प्रवाशासही सोयीचें. खालीं कर्जतला चढावासाठीं पुष्कळ गाड्यांना मागून जादा एंजिनें जोडतात. तेवढ्या मुक्कामानें कर्जतचा बटाटेवडा नांवारूपास आला. वड्याचें तेज मात्र तो कढईंतून निघाल्यावर फार वेळ टिकत नाहीं. चिक्की घरापर्यंत जाते, आणि म्हणूनच तिचें नांवही दूरवर गेलें. फ्रान्समधील माँतेलिमार या गांवचें नूगा, म्हणजे मध व बदाम यांची वडी, अशाच रीतीनें दक्षिणेकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरील वाटसरूंनीं प्रसिद्धीस आणली.

आतां चिक्की म्हणजे नेमकें काय, हें पाहावयाचें तर लोणावळ्याच्याच बाजारांत एक सुरेख उदाहरण मिळतें. तेथें चिक्कीइतकीच प्रसिद्ध दुसरी वस्तु म्हणजे फज. कूपर यांच्या दुकानांतील अक्रोडाच्या फजसाठीं लोक मुद्दाम वाट वांकडी करून जातात. फज आणि चिक्की या दोन्ही साखरेच्याच लेकी. पण एक मऊ, तोंडांत विरघळणारी, आणि दुसरी टणक. असें कां व्हावें?

साखरेचा पाक जसजसा कढत जातो, तसतसें त्यांतील पाणी उडून जातें आणि उकळण्याचें उष्णतामान चढत जातें. ११२ ते ११६ अंश सेंटिग्रेडला पाक गोळीबंद होतो. त्या वेळीं त्यांत शेंकडा पंधराच्या आसपास पाणी उरलेलें असतें. येथेंच भांडें उतरवून, पाक थोडा निवूं देऊन तो घोटला, कीं साखरेचे असंख्य बारीक स्फटिक तयार होतात. फजचा मऊपणा तो हाच. परंतु पाक न घोटतां १५० अंशांच्या जवळपास नेला, तर पाण्याचा अंश शेंकडा एकदोनच उरतो. आणि तो झटपट थंड केला, तर साखरेच्या कणांना रांगेंत उभें राहून स्फटिक बनण्यास सवडच मिळत नाहीं. ते जेथल्या तेथें गोठतात. शास्त्रज्ञ अशा पदार्थास कांच म्हणतात, आणि खिडकीच्या तावदानाची कांच व चिक्कीची कांच यांत तत्त्वतः फरक नाहीं. म्हणूनच चांगली चिक्की वांकत नाहीं, ती फुटते.

मात्र साखरेची कांच तावदानाप्रमाणें निर्धास्त नसते. हवेंतील बाष्प तिच्या पृष्ठभागावर बसलें, कीं तेवढ्या पातळ थराचा पुनः पाक होतो. तोच हाताला चिकटतो. गुळांत हें अधिक घडतें, कारण गुळांत साध्या साखरेखेरीज द्राक्षशर्करा, फलशर्करा आणि क्षार असतात, आणि फलशर्करेसारखी पाणी ओढणारी साखर दुसरी नाहीं. जो गुण गुळाच्या चिक्कीस रवाळ होऊं देत नाहीं, तोच तिला पावसाळ्यांत घातक ठरतो. तेव्हां श्रावणांत तिसऱ्या दिवशीं चिकटलेल्या चिक्कीबद्दल दुकानदारास शिक्षा करणें अन्यायाचें होईल. पण पुडा फोडतांच, पहिल्याच दिवशीं, जी चिक्की दातांना चिकटते, तिच्याबद्दल त्याला अवश्य जाब विचारावा. तिचा पाक कच्चा राहिलेला असतो. जळण आणि वेळ वांचविण्याचा हा सोपा मार्ग आहे, शिवाय कच्च्या पाकांत पाणी अधिक राहत असल्यानें वजनही वाढतें.

म्हणून विकत घेतांना पाटीवरील नांव वाचण्यापेक्षां एक तुकडा मोडून कानानें पारख करावी. आवाज स्वच्छ यावा, तुटलेली कड चकचकीत दिसावी, तार ओढली जाऊं नये. दाण्यांचा वास घ्यावा. तेलकट खवट वास आला, तर माल जुना. काजू, बदाम, डाळें, तीळ, राजगिरा असे पुष्कळ प्रकार मांडलेले असतात, पण शेंगदाण्याच्या चिक्कीची सर त्यांतील एकासही नाहीं. काजू मुळांतच गोडसर, त्यामुळें गुळापुढें त्याचें कांहीं चालत नाहीं. खमंग भाजलेल्या दाण्याचा किंचित कडवटपणाच गुळाला तोलून धरतो. खोबऱ्याची चिक्की घ्यावयाची, तर चारदोन दिवसांत संपवावी.

घरीं करण्यास दाणे व चिरलेला गूळ हीं समभार घ्यावीं. अडीचशें ग्रॅम दाण्यांस तितकाच गूळ, फार गोड नको असल्यास दोनशें ग्रॅम. बाजारांत 'चिक्कीचा गूळ' म्हणून जो मिळतो तो असल्यास उत्तम, नसल्यास नवा व कोरडा गूळ घ्यावा. पाझर सुटलेला जुना गूळ घेऊं नये. त्यांत पाणी ओढणाऱ्या साखरेचा अंश वाढलेला असतो. दाणे मंद विस्तवावर, आंतपर्यंत भाजले जातील असे भाजावे, सोलावे, पाखडावे आणि डाळ्या करून ठेवाव्या. गुळांत मिसळतांना त्या कोमट असाव्या, कारण गार दाणे पडतांच पाक जागच्या जागीं आळतो व लाटतां येत नाहीं. पोळपाटास व लाटण्यास तूप आधींच लावून ठेवावें. ऐन वेळीं तूप शोधण्यास फुरसत मिळत नाहीं.

जाड बुडाच्या कढईंत चमचाभर तूप व गूळ घालून विस्तव मंद ठेवावा. गूळ वितळतो, फेंसाळतो, मग हळूहळू त्याचा रंग गडद होऊं लागतो. येथून पुढें कढईजवळून हालूं नये. वाटींत गार पाणी घेऊन त्यांत पाकाचा थेंब वारंवार टाकून पाहावा. पहिल्यानें तो पसरेल. मग त्याची मऊ गोळी होईल, आणि पुष्कळ गृहिणी येथेंच थांबतात. लाडवांस हा पाक चालतो, चिक्कीस नाहीं. पुढें गोळी घट्ट होते, दाबल्यास वांकते. तरीही थांबूं नये. थेंब पाण्यांतून काढून वाटीवर टाकला असतां कांचेच्या मण्यासारखा वाजला, आणि दोन बोटांत धरून मोडतांना न वांकतां तुटला, म्हणजे पाक झाला. यानंतर मात्र अर्ध्या मिनिटाचाही विलंब परवडत नाहीं, कारण गूळ साखरेपेक्षां लवकर करपतो आणि करपलेल्या गुळाचा कडूपणा कशानेंही जात नाहीं. कढई खालीं उतरवून चिमूटभर खाण्याचा सोडा घालावा; पाक फुलून येतो, त्यांत सूक्ष्म बुडबुडे अडकतात आणि चिक्की दातांस हलकी लागते. दाणे ओतून दोनतीन वेळां परतावें, गोळा पोळपाटावर घ्यावा आणि जितका पातळ लाटतां येईल तितका झपाट्यानें लाटावा. गरम असतांनाच सुरीनें रेघा पाडाव्या. तुकडे निवल्यावर मोडावे.

गुळाऐवजीं साखर वापरावयाची झाल्यास एक धोका लक्षांत ठेवावा. कढईच्या कडेस चिकटलेला साखरेचा एखादा कणही पाकांत पडला, तर त्याच्याभोंवतीं स्फटिक जमूं लागून सगळा पाक रवाळ होतो. लिंबाच्या रसाचे पांचसहा थेंब आरंभीं घातल्यास साखरेचा कांहीं अंश फुटून गुळांतल्यासारखी मिश्र साखर होते, व रवा धरत नाहीं. थेंब पांचसहाच, अधिक घातले, कीं चिक्की गुळाच्या चिक्कीप्रमाणेंच ओलावा ओढूं लागते.

हें सारें मार्गशीर्षापासून माघापर्यंत करावें. संक्रांतीस तिळगुळाच्या वड्या करण्याची रूढि ज्या ऋतूंत पडली, त्याच ऋतूंत गुऱ्हाळांतून नवा गूळ येतो आणि हवा कोरडी असते. पावसाळ्यांत घरची चिक्की करण्याचा हट्ट धरूं नये. त्या दिवसांत यंत्रानें बंद केलेला दुकानाचा पुडाच सरस ठरतो. तो फोडल्यावर लगेच घट्ट झांकणाच्या लहान लहान डब्यांत वांटून ठेवावा, म्हणजे एक डबा उघडल्यानें सगळा माल हवेस लागत नाहीं. तुकड्यांच्या थरांमध्यें तुपकट कागद घालावा. शीतकपाटांत ठेवल्यास डबा बाहेर काढून नीट कोमट झाल्याखेरीज उघडूं नये, नाहीं तर गार तुकड्यांवर हवेंतील पाण्याचे थेंब जमतात आणि ज्यासाठीं एवढी काळजी घेतली तेंच घडतें.

इतकें करूनही नरम पडलीच, तर ती टाकावयाची नाहीं. खलबत्त्यांत कुटून, तिच्यांत थोडे भाजलेले तीळ व वेलदोड्याची पूड मिसळली, कीं पोळींत भरण्यास तयार सारण होतें; तव्यावर ती पोळी मंद भाजून तुपाबरोबर गरम वाढावी.