काचेवरचा पडदा

दिवाळीची सुटी लागली, की फराळाचे डबे आणि मुलेबाळे घेऊन अनेक कुटुंबे मुंबईहून लाँचने रायगडच्या किनाऱ्याकडे निघतात. लाँचीत पाऊल टाकताच आपण काय पाहतो? सावलीची जागा कोठे आहे आणि अंगावर पाणी उडणार नाही ना, एवढेच! तांडेलाच्या पुढ्यात जी काच असते तिच्याकडे कोणाचेही लक्ष जात नाही. माझेही जात नसे. परंतु दोन वर्षांपूर्वी ऐन दिवाळीत त्या काचेने मला असा धडा शिकवला, की आता लाँचीत चढलो की माझी नजर आधी तिच्यावरच जाते. मी मराठी शिकवणारा प्राध्यापक. काच आणि किरण हा काही माझा प्रांत नव्हे. तरी हे लिहितो आहे, कारण या गोष्टीतली चूक माझी होती.

माझ्या आईचे एक मानलेले भाऊ धरमतरच्या खाडीत स्वतःची लहानशी लाँच चालवतात. सारा गाव त्यांना तांडेल म्हणतो, मी मामा म्हणतो. ते मला मास्तर म्हणतात. प्राध्यापक हा शब्द त्यांना उगाच लांबलचक वाटतो. त्या वर्षी मामांच्या डोळ्यात वडस वाढू लागला. डॉक्टरांनी सांगितले, "जन्मभर ऊन आणि पाण्यावरची तिरीप डोळ्यांनी झेलली आहे. यापुढे डोळे जपा." आता दुपारनंतर करंजाहून रेवसकडे यायचे म्हणजे सूर्य अगदी समोर. पाण्यावर नुसता चांदीचा पत्रा पसरलेला. मामा डोळे चोळत सुकाणू धरायचे, ते मला पाहवेना.

आमच्या कॉलेजच्या ऑफिसातील खिडक्यांना नुकतीच काळसर फिल्म लावली होती. मला वाटले, हाच उपाय! मुंबईला गेलो, एका दुकानातून फिल्मची गुंडाळी घेतली. "शंभरातला पस्तीस टक्के उजेड आत येईल, बाकीचा बाहेर," दुकानदार म्हणाला. गाडीसाठी की घरासाठी, एवढे त्याने विचारले. होडीसाठी, हे मीही सांगितले नाही.

फिल्म लावणे हे दिसते तेवढे सोपे नाही. पहिल्या काचेवर आम्ही ती कोरडीच चिकटवायला गेलो आणि सुरकुत्यांचा एक नकाशा तयार झाला! मग गावातल्या गाड्यांचे काम करणाऱ्या एका कारागिराला बोलावले. त्याने प्रथम काच गोड्या पाण्याने दोनतीनदा धुऊन घेतली, कारण खाऱ्या हवेने बसलेला मिठाचा एक कण राहिला तरी तेथे फुगा धरतो. मग ब्लेड आडवे धरून चिकटलेली घाण खरवडली. काचेवर साबणाच्या पाण्याचा फवारा मारला, फिल्मच्या मागचा पातळ कागद सोलून ती ओलीच आतल्या बाजूने बसवली, आणि रबरी पट्टीने मधून कडेकडे पाणी लोटत नेले. कडेला एकदोन मिलिमीटर काच मोकळी सोडली, म्हणजे कड उचलत नाही. "आत धुरकट दिसेल, पण भिऊ नका. पाणी पुरते सुकायला आठवडे लागतात," तो म्हणाला. जाता जाता त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. पुष्कळ होड्यांना काच नसतेच, काचेसारखे दिसणारे अॅक्रिलिक असते. त्यावर साधी फिल्म लावली तर खालून वायू सुटून फुगे येतात, आणि अमोनिया असलेल्या द्रावाने पुसले तर ते तडकतेही. आमची मात्र काचच होती.

दुसऱ्या दिवशी मामा खूश! "मास्तर, डोळ्यांना गारवा आला हो!" मला कोण धन्यता वाटली. मामांच्या नातवाने मात्र काचेतून पाहून म्हटले, "आजोबा, आत लवकर संध्याकाळ होते." आम्ही हसलो. शहाणपण कोणाच्या तोंडून येईल याचा नेम नसतो, आणि आले तरी आपण ते ओळखू याचाही नाही.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी करंजाहून मामांच्या लाँचीतून परत येत होतो. सूर्य बुडून वीसेक मिनिटे झाली असतील. समोर किनाऱ्यावर आकाशकंदील आणि पणत्या लुकलुकत होत्या. नातू नाळेवर, उघड्या हवेत बसला होता. एकाएकी तो ओरडला, "आजोबा, होडी! होडी!" मामांनी इंजिन मागे घेतले, सुकाणू गरकन फिरवले. लाँच थरथरली. उजव्या अंगाला, हाताच्या अंतरावरून एक लहान होडी घसरत गेली. तीत जाळे ओढणारे दोघे होते, एक म्हातारा आणि एक दहाबारा वर्षांचा मुलगा. मुलाच्या हातात टॉर्च होता आणि तो जळत होता.

"दिसत नाही काय रे?" म्हातारा ओरडला.

मामा काही बोलले नाहीत. मीही मामांच्या शेजारीच उभा होतो आणि त्याच काचेतून समोर पाहत होतो. मला तो टॉर्च किनाऱ्यावरच्या दिव्यांपैकी एक वाटला होता.

त्या रात्री आमच्या घरी पूजा झाली, पण माझे चित्त ठिकाणावर नव्हते. दुसऱ्या दिवशी पहाटे मी मामांकडे गेलो, तो ते गरम पाण्याने फिल्म भिजवून सोलत बसलेले. मी म्हटले, "मामा, चूक माझी." ते म्हणाले, "तू डोळ्यांसाठी केलेस. पण मास्तर, डोळा कशासाठी, ते आपण दोघे विसरलो."

पुढे मी हा विषय थोडा वाचला. भर दुपारी उघड्यावर सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो. लक्स हे प्रकाशाचे माप. त्यातला तिसरा हिस्सा आत आला तरी तो गरजेपेक्षा जास्तच. पण आपल्याकडे सूर्यास्तानंतर वीसपंचवीस मिनिटांत तोच प्रकाश तीनचार लक्सवर येतो. त्यातलाही तिसराच हिस्सा उरला, तर डोळ्याने पाहावे काय? शिवाय रात्री केबिनमधल्या दिव्यांचे प्रतिबिंब काळ्या काचेत आरशासारखे उमटते, ते वेगळेच. आणि गारव्याचे म्हणाल, तर उन्हातील जवळजवळ निम्मी उष्णता डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत असते. नुसता काळा रंग उजेड खातो; ही उष्णता त्या मानाने फारशी अडत नाही, उलट काच मात्र तापते.

समुद्रावरच्या टकरी टाळण्यासाठी १९७२ साली जे आंतरराष्ट्रीय नियम झाले, त्यांत प्रत्येक नौकेने डोळ्यांनी आणि कानांनी सतत नीट टेहळणी ठेवली पाहिजे असे सांगितले आहे. त्याच नियमांत वल्ह्याच्या होडीला मोठ्या दिव्यांची सक्ती नाही. हाताशी टॉर्च किंवा कंदील असावा आणि टक्कर टळेल इतक्या वेळेत तो दाखवावा, एवढे पुरते. म्हणजे त्या मुलाने आपले काम चोख केले होते. न दिसण्याचा दोष आमच्याकडे होता. १ जुलै १९९८ पासून बांधलेल्या, पंचावन्न मीटर किंवा अधिक लांबीच्या जहाजांना तर सुकाणूच्या दालनात रंगीत काच बसवण्यास आंतरराष्ट्रीय कराराने मनाईच आहे. मामांची लाँच एवढी मोठी नाही, तिला हा नियम लागू नाही. पण त्यामागचे कारण तिलाही लागू आहे. जमिनीवरही हेच झाले. मोटारीच्या काचांवरील काळ्या फिल्मला आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली बंदी केली, तेव्हा आपल्यापैकी कित्येकांनी कुरकुर केली होती. मीही केली होती.

मग मामांच्या डोळ्यांचे काय? त्यावर उपाय सापडला, आणि तो फार साधा निघाला. काचेवर बाहेरून एक छज्जा काढला, डोक्यावर रुंद काठाची टोपी आली, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने उन्हाचा चांगला चष्मा आला. राहिलेली फिल्म आम्ही उतारूंच्या बाजूच्या खिडक्यांना लावली. तेथे ती आजही आहे आणि बायकामुलांना तिची सावली सुखाची वाटते. चष्म्याचा मोठा गुण असा, की ऊन उतरले की तो काढता येतो. काचेवरचा पडदा वेळेवर काढता येत नाही.

परवाच मामांबरोबर येत होतो. सूर्य पाण्याला टेकला तशी त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि नातवाला हाक मारली, "जा रे, नाळेवर बस." पोरगा आता उंच झाला आहे.

वाचकहो, या सुटीत लाँचीत बसाल तेव्हा बसण्याची जागा शोधण्याआधी एकदा तांडेलाच्या पुढची काच पाहा. ती स्वच्छ असेल तर निर्धास्त बसा. काळी असेल तर रागावू नका, गोड शब्दांत विचारा, "तांडेल, दिवे लागल्यावर यातून समोरची होडी दिसते का हो?" कोणी आपुलकीने विचारले, तर तांडेल त्याचा विचार नक्की करील.