प्रसूतिरजेचा भार कोणी वाहावा?

पहिले बाळंतपण माहेरी, पुढची सासरी, आणि त्यांचा खर्च त्या त्या घरचा, ही जुनी रीत. परंतु स्त्री कारखान्यात रोजावर जाऊ लागली, तेव्हा या रीतीत न बसणारा एक प्रश्न उभा राहिला. बाळंतपणात तिचा रोज बुडतो. तो कोणी भरून द्यावयाचा?

मुंबईच्या कापडगिरण्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने काम करीत. १९२८ साली मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात या प्रश्नावर विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या मंडळाचे सभासद होते. प्रसूतीच्या आधी व नंतर मातेस विसावा मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे सांगून त्यांनी विधेयकास पाठिंबा दिला. खर्चाचा मोठा भाग खरे पाहता सरकारने सोसावा, हे त्यांस मान्य होते. तथापि स्त्रियांना कामावर ठेवण्यात ज्याचा लाभ आहे, त्या मालकाने काही अंशी तरी हा भार उचलला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ साली कायदा झाला. देशातील या प्रकारचा तो पहिला कायदा होय.

पुढे निरनिराळ्या प्रांतांनी आपापले कायदे केले. त्यामुळे प्रांताची वेस ओलांडली की हक्काचे स्वरूपही बदले. १९६१ च्या मध्यवर्ती कायद्याने हा भेद दूर करण्याचा मार्ग घातला व १२ आठवड्यांची पगारी रजा दिली. १ एप्रिल २०१७ पासून ती २६ आठवड्यांची झाली. दोन अपत्ये हयात असल्यास मात्र १२ आठवड्यांचीच राहिली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत या तरतुदींचा समावेश झाला आहे. प्रसूतीच्या अपेक्षित दिवसापूर्वीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम केलेले असावे, ही मुख्य अट. गर्भपात झाल्यास ६ आठवड्यांची रजा मिळते. या रजेवर असलेल्या स्त्रीस कामावरून काढणे बेकायदा आहे.

हा पगार येतो कोठून, यातच खरी मेख आहे. राज्य कामगार विमा योजनेत तो विम्याच्या निधीतून येतो. या निधीत वेतनाच्या ३.२५ टक्के मालकाने व ०.७५ टक्का कामगाराने भरावा, असे २०१९ साली ठरले. ही वर्गणी स्त्रीपुरुष सर्वांच्या वेतनावर घेतली जाते. त्यामुळे भार अनेकांत वाटला जातो. विम्याच्या कक्षेबाहेरील नोकरीत मात्र संपूर्ण पगार एकट्या मालकाने द्यावयाचा असतो. लहानशा कचेरीत सहा महिन्यांचा पगार आणि शिवाय बदली माणसाचे वेतन, असा हिशेब समोर आला की नवविवाहितेचा अर्ज बाजूला सारण्याचा मोह होतो. मिळालेली नोकरी कायदा राखू शकतो. न मिळालेल्या नोकरीचा पुरावा कोण देणार?

पित्याच्या बाबतीतही असेच आहे. केंद्र सरकारच्या नोकरास दोनच अपत्यांपर्यंत १५ दिवसांची पितृत्वरजा मिळते. खासगी नोकरीत तशी सक्ती मध्यवर्ती कायद्याने केलेली नाही. मूल दोघांचे असले, तरी मालकाच्या वहीत त्याचा खर्च आईच्याच नावे पडतो.

हजेरीपटावरील रोजंदार स्त्रियांनाही हा लाभ मिळाला पाहिजे, असा निर्णय दिल्ली महानगरपालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिला. शेतमजूर स्त्रीला तर आज एकाच्या, उद्या दुसऱ्याच्या बांधावर जावे लागते. तिच्यासाठी २०१७ पासून प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५००० रुपयांची मदत आहे. अर्ध्या वर्षाच्या बुडालेल्या रोजाशी ही रक्कम ताडून पाहिली, म्हणजे अंतर ध्यानी येते.

रजेचे आठवडे वाढले, हे इष्टच झाले. आता तिच्या खर्चाची वाटणीही तितक्याच विचाराने झाली पाहिजे. मालक, सरकार आणि समाज यांनी तो मिळून सोसला, तरच मातृत्वाचा हक्क स्त्रीच्या नोकरीआड येणार नाही.